चुलत दिराला करंगळीएवढं बेणं

मैत्रिणींनो, आज बांधाशेजारचे चुलत दीर हळदीचं बेणं मागायला आले. त्यांचं ढिगातच सडलं म्हणे.

गेल्या साली आमचं बेणं कमी पडलं, तवा ह्याच माणसानं जाड गड्डे स्वतःला ठेवून मला करंगळीएवढी हळकुंडं दिली होती. "लावा की वहिनी, मातीत गेल्यावर सगळं सारखंच!"

त्यांची हळद कमरेला लागली, माझी गुडघ्यावरच अडली. बांधावर उभं राहून हसायचे.

आज मी माहेरून आणलेले मुठीएवढे गड्डे त्यांच्यादेखत बाजूला सारले. माझ्या त्याच खुरट्या हळदीची हळकुंडं गोणीत भरली.

"वहिनी, हे लई बारीक हाय."

"लावा की भावजी, मातीत गेल्यावर सगळं सारखंच!"

गोणीचं तोंड मीच शिवलं. आता पावसाळाभर बांधावर खुर्ची टाकून बसणार हाय. येताय का बघायला?