त्रिनिदादची मुलगी जेवायला बसली

भावाने टोरांटोहून आमच्या नागपुरात लग्नासाठी मुलगी आणली ती त्रिनिदादची, आणि तीही ऐन पोळ्याच्या सणात. आईने हो म्हटलं तरच लग्न करू, असं तो तिलाही सांगून बसला होता. आता आमची आई म्हणजे विणकराच्या घरातली, माग बंद झाला तरी ताठा तोच. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, कोणाची आणि कुठल्या गावची.

मला मात्र ती मुलगी बघून राहवेना. केस कुरळे, रंग आमच्यासारखाच सावळा, डोळे थोडे बारीक. भावाला दुभाष्या करून मी तिला भंडावून सोडलं. वडिलांकडचे आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. आईकडचे हिंदुस्थानातून जहाजाने उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. मध्येच एक चिनी पणजोबा, किराणा दुकानवाला. चर्चला जाणारी आत्याच दिवाळीचे दिवे लावते आणि ईदला शेजारून शेवया येतात. अगं बाई, एका घरात एवढं सगळं मावतं कसं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

आई सगळं ऐकत होती. शेवटी तिने गाव विचारलंच. आईकडची पणजी हिंदुस्थानातल्या कुठल्या गावाहून गेली, ते त्यांच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईचं तोंड उतरलं. नातेवाइकांना सांगू काय, असं ती मला स्वयंपाकघरात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. त्या दिवशी आमच्याकडे झणझणीत सावजी मटण असतं. ताटात भाकर होती, आणि आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या दुधाशी खायला बाजूला झाकून ठेवल्या होत्या. पोरीने काय करावं? झाकण काढून पोळी घेतली, तोडली आणि सरळ मटणाच्या रश्श्यात बुडवली. सगळे बघतच राहिले. पहिल्याच घासाला तीही थबकली, आमचे चेहरे पाहून लाजून चूर झाली. मग भावाने उलगडा केला. त्यांच्याकडे डाळ भरलेली पोळी बकऱ्याच्या रश्श्याशीच खातात, आणि ती गोड नसते.

"डाळीत काय टाकता वं?" आईने तिलाच विचारलं.

जिरं, हळद, लसूण. शिकवलं आजीने, आजीला तिच्या आईने, म्हणजे त्याच पणजीने. एवढी दूर गेली बिचारी, तरी डाळ भरत राहिली, असं आई स्वतःशीच पुटपुटली. मग उठली, मुलीच्या ताटात आणखी रस्सा वाढला आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

"कोनी गाव इचारलं, त नागपूर सांगजो."

भाऊ भाषांतर करायचं विसरून आईच्या पाया पडला. मुलगी घाबरून आमच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच तिला सांगितलं.