शिरड शहापूरची ओळ

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांच्या बारीकसारीक खबरा देणारी एक वेबसाइट आहे. तिचे वाचक मोजायचं काम माझं, सेनगावला घरी बसून. लाइट कधी जाणार, दवाखान्यात डॉक्टर आहेत का, सकाळची एसटी आली का, असलं सगळं गावोगावची माणसं लिहून पाठवतात. शिरड शहापूरचं पान एक ताई लिहायच्या. बीए झालेल्या, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं घर सोडून नोकरी शक्य नव्हती. हे एकच काम होतं त्यांना.

एक दिवस पुण्याहून साहेबांचा फोन आला. "शिरड शहापूरचं पान कुणी बघत नाही. महिनाअखेर बंद करू." मी वाचकांचा रिपोर्ट उघडला, तर त्यात खरंच शिरड शहापूरची ओळच नव्हती. मीही अशी शहाणी, लगेच ताईंना फोन करून सांगून टाकलं की तुमचं पान कुणी बघत न्हाई. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. ते "बरं" काही डोक्यातून जाईना.

संध्याकाळी रिपोर्ट परत नीट पाहिला तेव्हा कोपऱ्यातली बारकी सूचना दिसली. आकडे सगळ्या भेटींचे नव्हते, नमुन्यावरून काढलेला अंदाज होता. मोजणीचं आमचं खातं फुकटातलं, भेटी फार झाल्या की ते सगळ्या मोजत नाही. पोत्यातून मूठभर तूर काढून अख्ख्या पोत्याची पारख करावी, तसं. मोठी गावं मुठीत येतात, लहान गाव हाताला लागत नाही. आधी हे क्वचित व्हायचं, आता प्रत्येक रिपोर्टला होत होतं. म्हणजे भेटी एकाएकी वाढल्या होत्या. त्या वाढीबद्दल साहेबांनी माझं कौतुक केलं होतं आणि मी ते घरभर मिरवलं होतं. आता म्हटलं, पाणी कुठं मुरतंय ते कळल्याशिवाय सोडायचं नाही.

एकाच दिवसाचा रिपोर्ट काढला, तरी नमुनाच. कुणी सेटिंग बदलली का पाहिलं, तर नाही. पण मुठीत आलेल्या भेटींत एक गोष्ट सारखी दिसायची. माणूस पहिल्या पानावर येतो आणि क्षणात निघून जातो. असा कोण वाचक असतो? चार दिवस डोकं खाजवलं. आई म्हणाली, जेव तरी नीट.

पाचव्या दिवशी हिंगोलीला जायला जीपमध्ये बसले. शेजारच्या काकांनी काहीतरी शोधायला फोनवर इंटरनेट उघडलं, तर समोर आमच्याच वेबसाइटचं पहिलं पान. काका करवादले, "हे काहून मधीच येऊन राहिलं?" मी विचारलं, "काका, फोन कुठून घेतला?" म्हणाले, इथल्याच, सेनगाव स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातून. ते दुकान माझ्या सख्ख्या मामाचं. मी जीप थांबवून उतरले आणि दुकान गाठलं.

विचारलं, तर मामा खूश. "तूच म्हणली ना, मामा, आपलं पान लोकायला दाखवत जा? जो फोन विकला, दुरुस्त केला, त्यात पहिलं तुझंच पान लावून देतो. वसमत, हिंगोली, सगळ्या दुकानदारायला सांगून ठेवलंय, भाचीचं काम हाय म्हणून." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काढायची कुणावर? सांगणारी मीच होते. "मामा, ते सगळं काढायला लावा," म्हटलं. मामाचा चेहरा पडला, तरी माझ्यासमोरच एकेकाला फोन लावत बसला.

आधीच विकलेले फोन परत कुठून आणणार, म्हणून मी पहिल्या पानावरची मोजणीच बंद केली. साहेबांना सांगितलं की ती वाढ खोटी होती. ते चिडले. मी म्हटलं, "चिडा, पण शिरड शहापूरचं काय ते पूर्ण मोजणी आल्यावर ठरवा."

पंधरा दिवसांनी ती ओळ आली. वाचक थोडे, पण रोजचे, सकाळच्या एसटीच्या आधी येणारे आणि पान शेवटपर्यंत वाचणारे. साहेब म्हणाले, राहू दे.

मी ताईंना फोन केला. "ताई, तुमचं पान बघतात लोक."

"मला ठाव हाय की. आधी कॉलेजच्या पोरी दारावर विचारायला यायच्या, गाडी आली का म्हणून. पान सुरू झालं अन् यायच्या बंद झाल्या. घरीच बघतात."

"मग त्या दिवशी बोलल्या काहून न्हाई?"

"तुमी विचारलं कुठं, म्याडम? तुमी तर सांगितलं."