घाटात जाणारी लाइट

माहूरच्या स्टँडमागं करीमभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. तीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेली गाडी त्याच कामासाठी सहसा परत आली नव्हती. बजरंगची जीप मात्र तिसऱ्यांदा आली, आणि या खेपेला बजरंगच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चाचा, काल वळणावर दोन्ही लाइट एकदम गेल्या. दर्शन करून उतरणाऱ्या सात बाया मागं बसलेल्या. चाक कठड्याला घासलं म्हणून वाचलो."

करीमभाईंनी मान खाली घातली. पहिल्यांदा त्यांनी बल्ब बदलले होते, दुसऱ्यांदा स्विच. दोन्ही वेळा दुकानासमोर लाइट लागली, की "जा, झालं" म्हणून मोकळे झाले होते. आताही बटण दाबताच दोन्ही दिवे लख्ख लागले.

"उभ्या गाडीत ही खोट सापडायची न्हाई. चल घाटात. सवारी घेऊ नको, मी बसतो बाजूला."

दिव्यांना करंट नेणाऱ्या वायरीला जोड देऊन त्यांनी एक छोटा बल्ब आत मांडीवर घेतला. त्याची दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला. दिव्यांबरोबर हाही विझला, तर करंटच येत नाही. हा जळत राहिला, तर खोट अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीत.

दिवस मावळला होता. घाट चढून परत उतरताना पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बजरंगचा पाय ब्रेकवरून हलेना.

"चाचा, मला भ्या वाटून राह्यलं."

"मलाबी. हळू घे."

तिसऱ्या वळणावर चाक खड्ड्यात आदळलं आणि समोरचा रस्ताच नाहीसा झाला. बजरंग ओरडला. जीप करकरत थांबली. डावीकडं दरी. मांडीवरचा बल्ब जळत होता.

"अर्थिंग!" करीमभाई उतरले.

टॉर्च धरून त्यांनी बॉनेट उघडलं. दोन्ही दिव्यांची अर्थिंग बॉडीला एकाच बोल्टनं आवळलेली, आणि तो बोल्ट नुसत्या बोटानं फिरला. खाली सगळा गंज. त्यांनी पत्रा घासून चकचकीत केला, बोल्ट करकचून आवळला, वायर हिसकून पाहिली. मग त्याच खड्ड्यावरून जीप तीनदा मागं-पुढं घ्यायला लावली. दिवे जरासुद्धा लुकलुकले नाहीत.

"बजरंग, हे पहिल्याच दिवशी पाहायचं होतं मी. आळस केला. त्या बायांचं काही झालं असतं तर..."

बजरंगनं आतून बाजूचं दार उघडलं. मग "बसा चाचा," एवढंच म्हणाला.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या करीमभाईंनी आणखी दोन ड्रायव्हरांना फोन लावले. "गाडी घेऊन ये. लाइट झाली म्हणालो होतो, पण नीट पाह्यली न्हाई मी."