जाड तार

आमच्या ऑर्केस्ट्राचे गायक नाना. वयाबरोबर त्यांचा आवाज उतरला, तशी आम्ही सगळी गाणी गुपचूप दोन पट्ट्या खाली आणली. नानांना कुणी हे कळू दिलं नाही. पण माझ्या बेस गिटारच्या जाड तारेचा सूर खाली उतरवल्यावर ती ढिली पडून खडखडायला लागली.

वाद्यांचा दुकानदार म्हणाला, "याहून जाड तार घ्या. पण ती बसवायला गिटारच्या मानेवर तार टेकते ती हाडाची खाच कानशीने रुंद करावी लागेल. मग जुनी तार तिथे पुन्हा नीट बसायची नाही."

"करा," मी म्हणालो.

काउंटरवर पांढरा भुगा पडत राहिला. आपल्याला कुणी बांधून घालत नाही; आपणच खाच रुंद करून देतो. नानांकडे मी आलो होतो तो एका गणपतीच्या कार्यक्रमांपुरता, कित्येक वर्षांपूर्वी.