ना नवी, ना अनुभवी

जाहिरात वाचताना ती स्क्रीनवर बोट ठेवायची. बोट ओळीओळीने खाली सरकत यायचं आणि एका जागी थांबायचं. मग मान न वळवता ती मला विचारायची, "भाऊ, अनुभव कुठी भेटते जी?"

सावली गावात तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, जातीचे दाखले, परीक्षेचे अर्ज, झेरॉक्स. तुमच्या गावातही असं एखादं दुकान असेल आणि त्यात रोज येऊन बसणारा एखादा पदवीधरही असेल. आमच्याकडे ही होती. चंद्रपूरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची इंजिनिअर झालेली. वडील तलावावर मासे धरायचे, आई दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायची. घरी नेटवर्क येत नसे, म्हणून ती माझ्याकडे यायची. सगळं गाव चिखलाच्या चपला घालून आत शिरायचं. ही मात्र बाहेर पायरीवर काढायची. मी एकदा म्हटलं, "राहू दे गं." तर म्हणाली, "मशीन असते ना जी भाऊ इथी."

ती अर्ज भरायची पुण्याच्या, हैदराबादच्या, बंगळूरच्या कंपन्यांना. जाहिरातीत वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'नवशिक्यांसाठी संधी'. खाली बारीक अक्षरांत, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. पहिल्यांदा आम्ही दोघेही हसलो होतो. कुणीतरी चुकून लिहिलं असेल असं वाटलं. पुढे ती ओळ इतक्यांदा दिसली की आमचं हसणं थांबलं.

तिच्या वर्गातला एक मुलगा हैदराबादेत चिकटला होता. त्याने फोन करून सांगितलं की तिकडे अनुभवाचं पत्र विकत मिळतं, त्यानेही तेच केलं. माझ्यासमोर तिने आपल्या बायोडेटात एका कंपनीचं नाव टाइप केलं, खाली कामाचा काळ लिहिला. थोडा वेळ बघत बसली आणि सगळं खोडलं.

"काऊन खोडलं?" मी विचारलं.

"ते कंपनी मी पाह्यलीच नाई जी. कोणी विचारलं का तिथी खिडकी कोन्या बाजूनं हाये, तं काय सांगू?"

मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं.

अनुभव मिळत नाही तर आपणच करू, असं मग तिने ठरवलं. गावाबाहेर एक राइस मिल आहे. हंगामात लोक धानाची पोती घेऊन नंबरासाठी तिथे दिवसदिवस ताटकळायचे. हिने मालकाला जाऊन सांगितलं, "मी प्रोग्राम बनवून देतो. नंबर आला का लोकायच्या मोबाइलवर मेसेज जाईन. मले फक्त काम केल्याचं पत्र द्या." मालक म्हणाला, "बनव बेटा, पत्राचं काय, देऊन टाकू."

पुढचे काही महिने ती माझ्या दुकानातून मिलवर आणि मिलवरून दुकानात अशी सायकलवर फिरत होती. एवढी खूश मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. प्रोग्राम चालला. लोक घरी जेवून, झोप काढून, मेसेज आला की बैलगाडी जुंपू लागले. तिचे वडील एकदा ताजी मरळ घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "पोरीनं केलं म्हणते जी लोकं." मासळीचे पैसे काही घेतले नाहीत.

हंगाम संपल्यावर ती पत्र मागायला गेली. मालकाने चहा पाजला आणि म्हणाला, "तू नोकरीवर होती कुठी बेटा? हजेरीत नाव नाई. पत्र कसं देऊ? शिकाले भेटलं ना तुले, मंग?"

पुढच्या हंगामाआधी मिलने माणूस हवा म्हणून जाहिरात काढली. काम तोच प्रोग्राम चालवण्याचं. त्यातही अनुभवाची अट होती. तिने अर्ज केला. जागा मिळाली मालकाच्या मेव्हण्याच्या मुलाला, कारण त्याच्याकडे नागपूरच्या कुठल्याशा दुकानाचं पत्र होतं. त्याला काही जमेना, तेव्हा मालकाने शिकवायला हिलाच बोलावलं. आणि ती गेली.

मी चिडलो. "कशाला गेलीस?"

"लोकायचे नंबर चुकले असते जी," ती म्हणाली. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "ते कंपनीचं नाव खोडलं ना भाऊ मी, तेच चुकलं माहं."

मग एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, व्हिडिओ कॉलवर. मी दुपारी दुकान बंद ठेवलं. मागचं झेरॉक्स मशीन दिसू नये म्हणून तिने दोरीवर चादर टांगली. समोरचा माणूस हसतमुख होता. गावाचं नाव ऐकून म्हणाला, "सावली? मतलब शॅडो?" तीही हसली. पहिल्या प्रश्नांची उत्तरं तिने फटाफट दिली. मग त्याने विचारलं, मधली दोन वर्षं काय केलं? तिने मिलचं सगळं सांगितलं. त्याने कागद मागितला. कागद नव्हता.

"मॅडम, अनुभववाली पोस्ट में आप नहीं बैठतीं. और फ्रेशर तो हम इसी साल के लेते हैं."

कॉल संपला. तिने चादर काढून नीट घडी घातली. रडेल असं मला वाटलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "फ्रेशरबी नाई, अनुभवीबी नाई. मंग मी हावो तरी कोण जी?"

त्यानंतर तिचं दुकानात येणं कमी झालं. आली तरी स्क्रीनवर बोट ठेवायची नाही. अर्ज भरायची आणि निघून जायची.

ती हैदराबादला गेली ते मला तिच्या फोनवरून कळलं. काम लागलं होतं. दिवसभर स्क्रीनवर रस्त्यांचे फोटो येतात आणि त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती, गाडीभोवती, कुत्र्याभोवती चौकोन काढायचा. त्यावरून म्हणे मशीन शिकतं. "मशीनले अनुभव देऊन राह्यलो भाऊ," ती हसून म्हणाली. त्या हसण्यात मला आधीची ती ओळखू आली नाही. मी विचारलं, हा तरी अनुभव धरतील ना? ती म्हणाली, "ठेकेदाराकडून हावो जी. कंपनीच्या कागदावर नाव नाई." मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन कट झाला. पुढे तो नंबर लागेनासा झाला.

परवा तिचे वडील दुकानात आले. ते थकलेत आता. पायरीवर बसून राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"पोरगी कंपनीत लागली जी भाऊ," ते म्हणाले. "चौकोन काढते म्हणते. इंजिनेरायले तेच काम रायते ना?"

मी हो म्हटलं.

"अन् दोन वर्स झाले का तिचा अनुभव होईन. मंग मोठ्या जागेवर लागन ना ते?"

"लागेल," मी म्हणालो.

त्यांनी समाधानाने मान हलवली, झिंग्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले. वाटेत कुणीतरी त्यांना थांबवून भाव विचारला. ते आधी पोरीची गोष्ट सांगू लागले.