आत्याचा मूकपट

मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस प्रेक्षकांना गोष्ट सांगायचा, असं बीडच्या कॉलेजात सर शिकवत होते. बाकीचा वर्ग चकित झाला. मी झाले नाही, कारण धारूरला आमच्या घरी हेच काम तेव्हा आत्या करत होती.

आमच्या टीव्हीचा आवाज गेला होता. चित्र लख्ख, बोलणं बंद. वडील आज दुरुस्त करू, उद्या करू म्हणत राहिले. शेजारीच राहणारी आत्या मात्र खूश होती. संध्याकाळी भाकरी उरकून गल्लीतल्या बायका मालिका बघायला यायच्या आणि आत्या टीव्हीला खेटून बसून सगळ्यांचं बोलणं एकटीच बोलायची. आधी ती नाती लावायची.

"ही त्याच्या मामाची पोर हाय," पडद्यावरच्या तरुणाशेजारी उभ्या नायिकेकडे बोट दाखवून ती ठणकावायची. "आत्याच्या घरीच द्यायची असती. बगा, कशी लाजली!"

नायिका ढसाढसा रडत असायची.

मी सुट्टीला घरी आले की बायका माझ्याकडे बघून हसायच्या. आत्याला एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या मामाची पोर मीच. लहानपणी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटलेल्या. तो नवरा म्हणून डोळ्यांपुढे आणला की मला हसूच फुटायचं. पण मालिका पुढे सरकत होती तशी गल्ली माझ्या लग्नाला तयार होत होती, आणि मला घाम फुटला होता. एकदा तर वडीलही टीव्हीकडे बघून म्हणाले, "पोरगी सुखात दिसती की!"

अशाच एका सुट्टीत आत्याच्या मुलानं कुठूनसा स्पीकर आणला आणि कुणाला न विचारता टीव्हीला जोडला. "आई, तुझ्या घशाला जरा आराम," म्हणाला.

नायिका त्या तरुणापुढे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला तुझ्याशी लग्न करायचं नाही."

"आगं बया! मामाची पोर असून?" एक शेजारीण ओरडली.

"मला पण न्हाई करायचं," मी म्हणाले. तोंडातून कसं निघालं, देव जाणे.

"मला बी न्हाई," टीव्हीमागून आत्याचा मुलगा म्हणाला.

आत्यानं आम्हा दोघांकडे डोळे वटारून बघितलं.

"मुकी व्हती तवर लई गुणाची व्हती," असं म्हणून तिनं स्पीकरची वायर उपटली आणि बायकांकडे वळली. "आता बगा, ती म्हनती, आत्या, माजं चुकलं..."

पण कुणी ऐकत नव्हतं. वडील मला पहिल्यांदाच विचारत होते, "खरंच न्हाई का गं?"

"न्हाई," मी म्हणाले.