उत्तरेचा कोपरा

खरं सांगायचं तर या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते हसण्यासाठी. राग मानू नका, पण आहे ते आहे. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळणावर लिफ्ट मागणारा माणूस… वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून टर उडवायची. मी अंबडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त काचेवर पसरून बघते. जे स्लाइडवर दिसत नाही ते नाही, इतका साधा माझा हिशोब. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचा मला मनापासून राग येतोय. पण मे महिन्यातली ती संध्याकाळ काही केल्या डोक्यातून जात नाही आणि घरात त्यावर कुणी बोलायला तयार नाही.

आमचं घर वडीगोद्रीत, हायवेपासून थोडं आत, गावाच्या अगदी कडेला. घराचं तोंड पश्चिमेला. पुढे ऐसपैस ओटा, त्यावर पत्र्याची शेड, तिन्ही बाजू उघड्या. उत्तरेला ओट्याला लागूनच शेत आहे, कपाशी निघाली की उन्हाळाभर मोकळं पडलेलं. घर बांधताना दत्ता, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता की संध्याकाळी चहा घेत बसायला मस्त जागा होईल. कसली मस्त… दुपार झाली की ऊन सरळ ओट्यावर, वरून पत्रा तापलेला आणि फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. संध्याकाळपर्यंत तिथे फक्त वाळवण सुखात राहायचं.

आणि मामा. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना आत्या. मामांचा जन्म मेंढरांमागे गेला. आत्या पण लग्न झाल्यापासून त्यांच्याबरोबर बिऱ्हाड घेऊन या शिवारातून त्या शिवारात. पुढे मेंढरं विकली, दत्ताला जालन्याला स्टील कंपनीत नोकरी लागली, घर झालं. मग आत्या गेल्या आणि मामांची आठवण उलटी चालायला लागली. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण कुठल्या गावच्या कुठल्या वावरात मेंढरं बसवली होती ते अगदी पाठ. ऊन कललं की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. "मेंढरं आणायची राह्यली," म्हणून उठायचे. एकदा तर एका ढाबेवाल्याने त्यांना हायवेच्या डिव्हायडरवरून हाताला धरून आणलं. त्या दिवसापासून ट्रकचा हॉर्न जरा लांबला तरी मी आधी मामा जागेवर आहेत का ते बघते.

आत कूलरसमोर बसवलं तर दार वाजवायचे. "कोंडलं का मला?" असं विचारायचे. तो प्रश्न ऐकवत नव्हता. म्हणजे त्यांना ओटाच पाहिजे, आणि ओट्यावर उन्हाने जीव जायची वेळ. तेव्हा मी म्हटलं, ओट्यालाच बाहेरून ब्लाइंड्स लावू.

दत्ता म्हणाला, "हिरवी नेट बांधू की, स्वस्तात काम होऊन जाईन."

"नर्सरी उघडायची का आपल्याला?" मी म्हटलं.

बांबूच्या काड्यांचे पडदे मला आवडले होते, पण आमच्याकडची धूळ काडीकाडीत बसली असती आणि ती पुसायला दत्ता थोडाच येणार होता. पारदर्शक प्लास्टिकवाले पावसाला बरे, उन्हाळ्यात मात्र गरम हवा आतच कोंडतात. शेवटी जालन्याच्या एका दुकानदाराने येऊन माप घेतलं आणि तपकिरी, जाड जाळीच्या कापडाचे तीन ब्लाइंड्स लावून दिले. दोरी ओढली की गुंडाळत वर जातात, सोडली की खाली येतात. स्प्रिंग-बिंग काही नाही. तळाच्या शिवणीत पाइप घातलेला आणि दोन्ही कोपऱ्यांना दोऱ्या, वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून खांबाच्या कडीला बांधायच्या. आतून बाहेरचं अंधुक दिसतं, बाहेरून मात्र आतलं काहीच दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

फरक इतका पडला की मलाच नवल वाटलं. ऊन कापडाबाहेरच अडायचं, वारा मात्र गाळून यायचा. दुपारी फरशीवर पाणी शिंपडलं की शेजारच्या मंदाताई गुडघे दुखत असूनही भाजी निवडायला आमच्याकडे यायच्या. निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. "तुमच्या ओट्यावर महाबळेश्वर करून राह्यली तू," म्हणायच्या. मामा खाटेवर गाढ झोपायचे.

पहिल्याच दिवशी मी तिन्ही बाजू खाली सोडून कोपरे बांधत होते तेव्हा मामा उठून बसले आणि बारकाईने बघत राहिले.

"वाघूर लावली का?" त्यांनी विचारलं.

वाघूर म्हणजे मेंढरं रात्री एका जागी राहावीत म्हणून खुंट्यांवर ताणून भोवती बांधतात ती जाळी. मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

"मंग शेवटचा कोपरा कोण धरून राह्यलंय?"

मला कळलं नाही. रात्री दत्ताने सांगितलं. कळप परत आला की वाघरीचा एक कोपरा उघडा ठेवतात आणि तो बाईने हातात धरून उभं राहायचं. मेंढरं आत गेली तरी ती कोपरा सोडत नाही. सगळ्यात मागे राहिलेला माणूस आत आला की मगच गाठ मारायची. कोपरा बांधलेला दिसला म्हणजे त्या बिऱ्हाडाचं कुणी बाहेर नाही. आत्यांनी सगळा जन्म तो कोपरा धरला होता. मामांना यायला कितीही उशीर झाला, तरी त्या बसायच्या नाहीत, असं दत्ता म्हणाला. तो लहानपणी त्यांच्या पायाशीच झोपी जायचा.

मी ऐकलं, छान वाटलं आणि सोडून दिलं. मला सकाळची बस होती.

त्यानंतर उत्तरेच्या ब्लाइंडचा पुढचा कोपरा सुटायला लागला. रोज नाही, पण सुटायचा तेव्हा दिवेलागणीच्या आधीच. मी आधी वाऱ्याला दोष दिला, मग मांजराला, मग अर्थातच दत्ताला.

"आगं, मी जालन्याला व्हतो," तो म्हणाला. "तितून येऊन गाठी सोडू का तुझ्या?"

मामांची बोटं थरथरतात, त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही. गाठ ओढाताणीने सुटलेली पण नसायची. कुणी सावकाश सोडावी तशी दोरी सरळ लोंबत असायची. मी दुहेरी गाठ मारायला लागले. तरी तेच. मला भीती नाही वाटली, चीड आली. आपल्या घरात कुणीतरी आपलं काम रोज मोडून ठेवतंय आणि ते कोण हे कळत नाही… माझ्यासारखीला याचा किती त्रास होतो ते विचारू नका. लॅबमध्ये पण डोक्यात तोच कोपरा.

त्या दिवशी मी लॅबमधून आले तेव्हा हवा पार थांबलेली, अंगाला चिकटणारी. पश्चिमेकडे आभाळ मळकट झालं होतं. मामा खाटेवर पडलेले. त्यांना हवा लागावी म्हणून मी समोरचा ब्लाइंड वर केला आणि गच्चीवर कुरडया काढायला पळाले. तेवढ्यात वावधान सुटलं. धुळीने समोरचं घर दिसेना. खाली आले तर ब्लाइंड्स खांबांवर आपटत होते आणि खाट रिकामी. मामा धुळीला वैतागून आत गेले असतील असं मी धरून चालले. समोरचा ब्लाइंड खाली सोडला, तिन्ही बाजूंचे सगळे कोपरे करकचून बांधले. उत्तरेच्या त्या कोपऱ्याला तर रागारागाने गाठीवर गाठ मारली. मग घरात गेले.

मामा घरात नव्हते. न्हाणीत नव्हते. मागे नव्हते. चप्पल आणि काठी पण नव्हती.

मी मागच्या दाराने बाहेर पडले, गेटाशी लावलेली गाडी काढली आणि हायवेला गेले. डोळे उघडता येत नव्हते. चहाच्या टपऱ्या, खताचं दुकान, स्टँड, सगळीकडे विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. ट्रक लाइट लावून चालले होते आणि प्रत्येक ट्रक जाताना मी त्याच्या चाकांकडे बघत होते. दत्ताला फोन केला, तो निघाला, पण जालना काही हाकेवर नाही. ते कदाचित घरी आले असतील म्हणून परत वळले. गेटाशी आले तर मंदाताई त्यांच्या गच्चीवरून हात करत होत्या.

"आगं, तुझे सासरे आत्ता येऊन गेल्ते की! ओट्यापाशी उभे राह्यले, पडद्यांकडं बघत. मला वाटलं, आता आत जातील. तर माघारीच फिरले. मी लई हाका मारल्या, वाऱ्यात काय ऐकू जातंय…"

"कुठं गेले?"

त्यांनी शेताकडे हात केला. शेताच्या पलीकडे पुन्हा हायवेच आहे, वळसा घेऊन आलेला.

मला तेव्हा समजलं. मामा घरी आले होते. आपल्या पायांनी, बरोबर घरी. त्यांनी वाघूर बघितली आणि सगळे कोपरे बांधलेले. या बिऱ्हाडाचं कुणी बाहेर नाही. म्हणजे हे आपलं बिऱ्हाड नाही. ते आपलं बिऱ्हाड शोधायला पुढे गेले होते, आणि त्यांना मी बाहेर ठेवलं होतं.

गेट ढकलून मी ओट्याकडे धावले आणि जागच्या जागी थांबले.

वारा पडला होता. समोरचा ब्लाइंड सरळ लोंबत होता, दक्षिणेचा पण. उत्तरेचा एका बाजूने उघडा होता. सुटून लोंबत नव्हता, उचललेला होता. तळाच्या पाइपचं पुढचं टोक बाईच्या हाताच्या उंचीवर, हवेत, कापड ताणलेलं, आणि दोरी खाली मोकळी. पाइप चांगला जड आहे हो. वर त्याला अडकायला काही म्हणजे काही नाही.

मी घाबरले. इथे मोठेपणा करत नाही. पाय गाडीकडे ओढत होते. शहाण्या माणसाने शेतातून हायवेकडे पळायला पाहिजे होतं, आजही मला तसंच वाटतं. तरी मी ओट्यावर चढले आणि तो कोपरा धरला. धरला त्या क्षणी पाइपचं वजन हातात आलं. तोपर्यंत ते कुणाकडे होतं, ते मी सांगू शकत नाही.

मग मी उभी राहिले. समोर धूळ, त्यात काही दिसत नाही. हात भरून आला. मी हाळी दिली. मेंढरांना कशी देतात ते मला येत नाही, मी नुसतं "मामाऽऽ" ओरडत होते आणि रडत होते. लांबून एक हॉर्न बराच वेळ वाजत राहिला आणि मी डोळे मिटून घेतले. पळू की थांबू, पळू की थांबू… एवढंच डोक्यात चाललं होतं. पण कोपरा सोडला नाही.

मामा बांधावरून आले. आधी काठी दिसली, मग धुळीने पांढरा झालेला पटका. अजिबात घाई नाही. कोपऱ्यापाशी आल्यावर वाकून आत शिरले, मागे वळून शेतावर एक नजर टाकली आणि म्हणाले, "आलं समदं. बांध आता."

मी पाइप सोडून त्यांना धरलं, खाटेवर बसवलं. माठातून पाणी आणलं, तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. ते प्यायले, भरपूर प्यायले. माझ्या हाताखाली त्यांचा खांदा तापलेला होता, पण श्वास शांत चालला होता.

"कुठं गेल्ते मामा?"

"आल्तो एकदा. बांधलेलं व्हतं, मंग म्हनलं आपलं न्हाई." त्यांनी तोंड पुसलं. "आन् दोघी कशाला उभ्या राह्यल्या गं? एकीनं धरलं आसतं तरी बास व्हतं."

मी मागे वळून बघितलं. कोपरा बांधलेला होता.

दत्ता आला तेव्हा त्याने ती गाठ बघितली, वाघरीला मारतात तशी, तिच्यावरून बोट फिरवलं आणि वडिलांजवळ जाऊन बसला. मला ती सोडता येईना, त्याने पण सोडली नाही. सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा मामांनी सोडली, त्याच थरथरत्या बोटांनी.

दुकानदाराला मी फोन केला होता. तो म्हणाला की पाइप कधी कधी कापडाच्या घडीत अडकतो. मंदाताई म्हणतात त्यांना गच्चीवरून फक्त मी दिसले, पण त्यांचा चष्मा धुळीने भरलेला होता. दत्ता म्हणतो, गाठ तूच मारली असशील, घाबरल्यावर माणसाला आठवत नाही. असेल. पण वाघरीची ती गाठ मला आजही मारता येत नाही, त्याने शिकवून सुद्धा.

आता ऊन कललं की मी स्वतः मामांना बांधापर्यंत फिरायला जाऊ देते आणि ते येईपर्यंत उत्तरेचा कोपरा धरून उभी राहते. लॅबमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. उभी राहताना डाव्या बाजूला थोडी जागा सोडते, एक माणूस मावेल एवढी.